ताज्या किमचीचा गुन्हा

आज सकाळी आमच्या इमारतीच्या जिन्यात एक कागद चिकटवलेला दिसला. 'स्वयंपाक करताना कृपया खिडकी उघडी ठेवावी' असे त्यावर कोरियन भाषेत, अतिशय नम्र क्रियापदे वापरून लिहिले होते. मजकूर सर्व भाडेकरूंना उद्देशून होता. परंतु चार मजल्यांच्या त्या जिन्यात तो नेमका माझ्याच दाराशेजारी लावलेला होता. दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात सध्या जानेवारी चालू आहे आणि बाहेरचे तापमान उणे ९ अंश आहे.

माझा अपराध एवढाच, की काल रात्री मी किमचीचे, म्हणजे मीठ-तिखट लावून आंबवलेल्या कोबीचे, सूप केले. घसा धरला होता, चालत घरी येईपर्यंत कान बधिर झाले होते, आणि चिपळूणला असतो तर आईने न विचारता आमसुलाचे सार पुढे केले असते. इथे आमसुले कुठून आणायची? आंबट, तिखट आणि कढत या तिन्ही अटी पुऱ्या करणारी इथली वस्तू म्हणजे किमची चिगे. तेव्हा सुकी म्योलची, म्हणजे आपल्या मांदेलीच्या भावकीतली मासळी, पाण्यात उकळली, त्यात तासीमा नावाच्या समुद्री शेवाळाचा तुकडा टाकला, रस्सा बुळबुळीत होऊ नये म्हणून तो दहा मिनिटांनी काढला आणि किमची परतण्यासाठी तेल तापवले. तेल तापल्यावर हात आपसूक हिंगाच्या डबीकडे गेला, याला मी काय करणार?

पाचव्या मिनिटाला दारावर थाप पडली.

तळमजल्यावर आमची घरमालकीण राहते. सगळे तिला हाल्मनी, म्हणजे आजी म्हणतात. ती मला 'इंदो छोंगाक', म्हणजे हिंदुस्थानातला अविवाहित तरुण म्हणते. मी ४३ वर्षांचा आहे, पत्नी आणि मुलगी पुण्यात आहेत, त्यांचा फोटो फ्रिजवर लावलेला आहे आणि तो मी तिला तीन वेळा दाखवला आहे. छोंगाक किमची नावाचा किमचीचा एक प्रकारही असतो. पूर्वी लग्न न झालेले तरुण पाठीवर वेणी सोडत, तसा पाला लोंबणारे लहान मुळे त्यात घालतात, म्हणून ते नाव. पहिल्याच महिन्यात ती 'छोंगाक किमची, छोंगाक किमची' असे म्हणत जिना चढून आली, तेव्हा आता आपल्यालाच मिठात घालायचे ठरले आहे, अशी माझी समजूत झाली होती.

काल मात्र ती आली ती थेट शेगडीकडे गेली. "गॅस गळतोय का?" तिने विचारले. मी हिंगाची डबी दाखवली. तिने ती हुंगली आणि म्हणाली, "आइगो!" हा उद्गार आमच्या कोकणातल्या 'आई गो'शी इतका जुळतो, की या देशात तेवढा एकच शब्द मला भाषांतरावाचून पोहोचतो. मग तिने माझाच चमचा घेऊन रस्सा चाखला आणि डॉक्टर जुना रिपोर्ट मागतात तशा स्वरात विचारले, "ही किमची कधीची?"

"परवाची."

"कोणत्या महिन्यातली?"

"परवाचीच, हाल्मनी. बाजारातून आणली."

तिने शेगडी बंद केली. थोडा वेळ ती भांड्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "हे बाळ आहे. बाळाला कोणी उकळतं का?"

ताजी किमची पानात वाढायची आणि शिजवायची ती मुरून आंबट झालेली, शक्यतो मुगुन्जी, म्हणजे वर्षभर राहिलेली, हे तिने मला हातवारे करून समजावले. पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. तांदूळ धुतलेले पाणी कुठे आहे? मी ते ओतून दिले होते. तिने मोरीकडे अशा नजरेने पाहिले, की तिथे कोणी बुडाले असावे. रश्श्याला दाटपणा त्या धुवणाने येतो, असे तिचे म्हणणे होते. इथे मात्र मला खरोखर अपराधी वाटले, कारण तांदळाचे धुवण माझी आजीदेखील कधी फेकत नसे.

एवढे झाल्यावर तिने माझा किलोभर किमचीचा डबा, जो मी १२,००० वॉन मोजून आणला होता, काखेत मारला आणि ती खाली निघून गेली. तिच्या गॅलरीत फक्त किमचीसाठी वेगळा फ्रिज आहे. आपल्याकडे देवासाठी वेगळी खोली असते, तसा. हिवाळ्याच्या तोंडावर सगळ्यांनी मिळून किमची घालण्याच्या प्रथेला, किमजांगला, २०१३ मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, हे ती मला अशा थाटात सांगते, की जणू अर्ज तिनेच भरला होता. गेल्या नोव्हेंबरात त्या वारशासाठी कोबीचे ४० गड्डे खालून गच्चीवर मी वाहून नेले होते, याचा उल्लेख मात्र कुठेही होत नाही.

ती वाडगाभर मुगुन्जी घेऊन परत आली, माझा रस्सा तिने गाळला, सूप पुन्हा केले, आंबटपणा उतरवायला चमचाभर साखर घातली, गरम जमिनीवर मांडी घालून दोन वाडगे प्यायली आणि गेली. सूप उत्कृष्ट झाले होते. माझ्या वाट्याला ते एक वाडगा आले.

इथपर्यंत मी हसून सोडून दिले असते. पण हीच बाई दर शनिवारी छोंगुकजांग उकळते. तो सोयाबीन आंबवून केलेला पदार्थ असून त्याचा वास आठवडाभर न धुतलेल्या मोज्यांसारखा असतो. आठ महिने मी तो नाकाने सोसला, कागद चिकटवला नाही. चिमूटभर हिंगाला मात्र एका रात्रीत सूचनाफलक मिळाला. घर शोधताना दोन दलालांनी मला "करी शिजवता का?" असे विचारले होते आणि मी "नाही" म्हणालो होतो, ते खोटे बोलताना लाज वाटली नव्हती, ती आज वाटते आहे. अर्थात, परदेशाला तरी कशाला नावे ठेवायची? पुण्यात सुके बोंबील भाजले म्हणून सोसायटीच्या चिटणिसांनी मला जे पत्र पाठवले होते, त्यातले मराठीही असेच नम्र होते आणि त्यातही 'कृपया' हा शब्द होता.

तरीही आज मी सूचनेचे पालन केले. चहा ठेवला आणि खिडकी उघडली. आज शनिवार असल्यामुळे खालून छोंगुकजांगचा वास सरळ आत आला. माझी किलोभर किमची अजून तिच्याच फ्रिजमध्ये आहे. ती मे महिन्यात शिजवण्याजोगी होईल, तेव्हा ये, असे तिने सांगितले आहे. माझा भाडेकरार एप्रिलमध्ये संपतो.