भुताचं व्हाउचर

शिरीष ऑडिटर आहे हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून फार आश्चर्य वाटायला नको. दिवसभर तो लोकांची बिलं तपासतो, ज्या खर्चाला पावती नाही त्याला लाल पेनानं गोल करतो, आणि शनिवारी रात्री इंदुरात लोकमान्य नगरात त्याच्या घरी आम्ही हॉरर सिनेमा बघायला बसतो तेव्हाही तो तेच करतो, फक्त हातात पेनाऐवजी रिमोट असतो. आणि साधं हॉरर त्याला चालत नाही. पांढरी साडी, कुरकुरणारं दार, शेवटी कोणीतरी बाबा येऊन भस्म फेकतो की भूत गेलं, हा त्याच्या भाषेत 'क्लीन रिपोर्ट', त्यात ऑडिटरला काम काय? त्याला ते सिनेमे पाहिजेत ज्यात शेवटी नक्की काय झालं ते काम केलेल्या नटालाही सांगता येणार नाही.

आवडतात मलाही, नाही असं नाही. पण नाही कळलं तर नाही कळलं, अंगावर काटा आला ना, मग झालं, घरी जायचं आणि पांघरूण ओढून झोपायचं. "तुला झोप कशी येते रे?" असं शिरीष विचारतो, आणि हे तो रात्री अडीच वाजता फोन करून विचारतो.

सुरुवात दिग्दर्शक बुन्युएल आणि चित्रकार दालीच्या 'अँ शियाँ आंदालू'नं झाली. १९२९ ची फिल्म, वीसेक मिनिटांची, नावात कुत्रा आणि आत पियानोवर मेलेली गाढवं. सुरुवातीलाच वस्तऱ्यानं बाईचा डोळा चिरतात, तिथेच शिरीषची आई, म्हणजे काकू, "राम राम" म्हणत उठून आत गेल्या (डोळा मेलेल्या वासराचा होता, पण हे सांगून त्या परत येतील असं मला वाटलं नाही). शिरीषला डोळ्याचं काही नाही, त्याला पाट्यांनी छळलं. आधी पाटी येते 'कोणे एके काळी', मग 'आठ वर्षांनंतर', मग 'पहाटे तीनच्या सुमारास', मग 'सोळा वर्षांपूर्वी', शेवटी 'वसंतात'. यानं विजेच्या बिलामागे रेघ मारून सगळं क्रमानं लावायला घेतलं. "पहाटे तीन, पण कोणत्या तारखेचे? आणि आठ वर्षं झाली तर खोलीतलं फर्निचर तेच कसं, डेप्रिसिएशन नाही?"

मी म्हटलं, अरे बाबा, त्या दोघांनी ठरवलेलंच होतं की ज्याचा काही तर्कानं अर्थ लागेल असं एकही दृश्य ठेवायचं नाही. त्यावर तो गंभीर झाला. "म्हणजे रेकॉर्ड मुद्दाम ठेवलं नाही." मग मी चुकून बोलून गेलो की पहिल्या खेळाला लोक अंगावर आले तर मारायला म्हणून बुन्युएल खिशात दगड घेऊन उभा होता, असं त्यानंच आत्मचरित्रात लिहिलंय. झालं. "बघ! त्याला माहीत होतं!" लोकांना फिल्म आवडली आणि दगड खिशातच राहिले हा भाग त्यानं ऐकलाच नाही.

पण खरी शिक्षा म्हणजे दिग्दर्शक डेव्हिड लिंचचा 'इरेझरहेड'. १९७७. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगण्यात अर्थ नाही आणि ज्यांनी पाहिलाय त्यांनाही नाही. हेन्री नावाचा एक घाबरट माणूस सासुरवाडीला जेवायला जातो, ताटात एवढीएवढीशी कोंबडी, सुरी लावली की ती तंगड्या हलवते आणि रक्त सोडते. काकू परत येऊन बसल्या होत्या, म्हणाल्या, "जावयाला कच्चं वाढलं की गं बाई." मग हेन्रीचं ते बाळ. पट्ट्यांत गुंडाळलेलं, मान लांब, कातडी ओली, रात्रभर रडतं. शिरीष पुढे सरकून बसला, माझा श्वास अडकला, आणि काकू एकदम म्हणाल्या, "दृष्ट काढा त्याची, मीठ-मोहरीनं. आणि पोटाला हिंग लावा."

सांगतो, इतक्या वर्षांत 'इरेझरहेड'वर जे जे ऐकलं त्यात एवढा उपयोगाचा सल्ला कोणी दिला नाही.

रेडिएटरमध्ये फुगलेल्या गालांची बाई गाते, हेन्रीचं डोकं गळून पडतं, त्याचे पेन्सिलीमागचे खोडरबर करतात, सगळं झालं, लाइट लागले, आणि शिरीषनं पहिला प्रश्न काय विचारावा? "ते बाळ कशाचं बनवलं होतं?" म्हटलं, लिंचनं मरेपर्यंत सांगितलं नाही. सिनेमा पुरा व्हायला पाचेक वर्षं लागली, मधे पैशासाठी तो पेपर टाकायचा, 'वॉल स्ट्रीट जर्नल', पण बाळाबद्दल अक्षर नाही. अर्थाचंही तेच. एका मुलाखतीत म्हणाला, हा माझा सगळ्यात आध्यात्मिक सिनेमा. समोरच्यानं विचारलं, जरा समजावून सांगता का, तर सरळ नाही म्हणाला.

"नाही? नाही म्हणजे काय?" शिरीष उभाच राहिला. "नोटीस काढली असती मी."

गंमत म्हणजे याच लिंचनं 'मलहॉलंड ड्राइव्ह'च्या डीव्हीडीत दहा क्लू छापून दिले होते: लाल लॅम्पशेडकडे लक्ष ठेवा, गाऊन बघा, ॲशट्रे बघा, कॉफीचा कप बघा. शिरीषला वाटलं, चला, शेवटी कागद सादर केले एकदाचे. प्रिंट काढून टिकमार्क करत बसला. सगळ्यांपुढे टिक आली आणि कळलं काहीच नाही. त्यात मी सांगितलं की हे आधी टीव्ही सीरियलसाठी केलं होतं, चॅनेलनं नाकारलं, मग फ्रेंच पैसा आला आणि त्याचाच सिनेमा केला. "एका कामाचा खर्च दुसऱ्यात टाकलाय, म्हणून लागत नाही," असं म्हणून त्यानं फाइल बंद केली. मला तर हे बऱ्याच समीक्षांपेक्षा बरं वाटलं.

मग आला 'द शायनिंग', भुताटकीच्या हॉटेलात अडकलेल्या कुटुंबाचा, आणि शिरीषचं घर काही काळ बसायच्या लायकीचं राहिलं नाही. कुब्रिकच्या या सिनेमाचे अर्थ लावणाऱ्यांवर एक अख्खी डॉक्युमेंटरीच आहे, 'रूम २३७', २०१२ ची. त्यात एक म्हणतो हा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कत्तलीचा सिनेमा, पुरावा काय तर मागे फळीवर ठेवलेले बेकिंग पावडरचे डबे. दुसरा म्हणतो हिटलर. तिसरा म्हणतो, चंद्रावर उतरल्याचं शूटिंग आपणच केलं याची कुब्रिकनं दिलेली ही कबुली. सिनेमा सरळ आणि उलटा एकावर एक लावून बघणारेही त्यात आहेत. शिरीषला आपली माणसं भेटली. यानं टीव्हीवर सरळ लावला, लॅपटॉपवर उलटा, आणि मधे मला बसवलं. वहिनी चहा घेऊन आल्या, दोन्हीकडे एकेकदा बघितलं, म्हणाल्या, "मी जरा उज्जैनला आईकडे जाऊन येते."

सिनेमातल्या भुताच्या खोलीचा नंबर २३७, त्याचा त्यानं गुणाकार काढला. दोन त्रिक सहा, सहा सत्ते बेचाळीस, १९४२, म्हणजे हिटलर! मी म्हटलं, अरे ज्या कादंबरीवरून सिनेमा केला तिच्यात खोली २१७ आहे. बाहेरून ज्या हॉटेलचं शूटिंग केलं त्यांनी विनंती केली, की आमच्याकडे खरंच २१७ आहे, लोक घाबरून ती घेणार नाहीत, जी नाही ती द्या. म्हणून २३७. आणि आता तिथे लोक सगळ्यात जास्त २१७ च मागतात. इतकं सरळ आहे.

"सरळ कसं असेल?" शिरीष म्हणाला.

आणि हाच त्याचा रोग आहे. शेवटी तो १९२१ च्या पार्टीचा फोटो येतो ना, त्यात हीरो जॅक, म्हणजे निकल्सन, हसत उभा, त्यावर आमचा किती पेट्रोल-चहा खर्च झाला असेल. मग मला कुब्रिकची मुलाखत सापडली, त्यात तो स्वतः म्हणतो की त्या फोटोवरून जॅकचा पुनर्जन्म सुचतो. मी आनंदानं तडक त्याच्याकडे गेलो. लिंच सांगत नव्हता म्हणून नोटीस काढणारा माणूस, इथे मालकानं स्वतः सही करून दिलं होतं. त्यानं वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. "एका एंट्रीत टॅली झालं," म्हणाला, "म्हणजे नक्की घोळ आहे."

या सगळ्या चर्चा आम्ही सराफ्यात करतो. सोन्याची दुकानं बंद झाली की तिथे खाण्याची लागतात, थंडीत गरम गराडू, म्हणजे तळलेला कंद, वर जिरावन मसाला आणि लिंबू, आणि इंदुरात तुम्ही उघड्यावर काही बोललात की ती सार्वजनिक चर्चा असते. त्या रात्री भुट्ट्याच्या कीसाची प्लेट घेऊन हाफ स्वेटरातले एक काका बराच वेळ ऐकत होते. शेवटी राहवलं नाही. "भिया, बीच में बोल रिया हूँ, पर वो तो पहले से मरा हुआ था."

"कौन?"

"हीरो."

"आपने पिक्चर देखी है?"

"देखनी क्या है उसमें? ऐसी पिक्चर में हीरो मरा हुआ ही रहता है."

अर्धा तास दोघं हिंदीत भांडले, मग काकांना घरून फोन आला आणि ते म्हणाले, "हो गं, निघालोच." तेव्हा कळलं, मराठीच. "अरे मग आधी नाही का सांगायचं!" म्हणून शिरीषनं त्यांना शनिवारचं आमंत्रण दिलं. आता ते येतात. प्रत्येक सिनेमाला त्यांचं एकच, तो आधीच मेलेला होता. शिरीषनं एकदा चिडून विचारलं, "पुरावा? डेथ सर्टिफिकेट आहे का?" तर काका म्हणाले, "मी रिटायर झालो तोच जन्म-मृत्यूच्या नोंदी करून."

काकांसाठी परवा पुन्हा 'इरेझरहेड' लावला. त्यात बाळाची आई स्वतःच्या आईला म्हणते ना, की हे बाळच आहे की नाही याचीसुद्धा अजून खात्री नाही, तिथे काकांनी हात वर करून सिनेमा थांबवला. "मग हॉस्पिटलनं जन्माच्या फॉर्मवर लिहिलं काय?" शिरीषनं लगेच वही काढली. सिनेमा तिथेच थांबलाय. नोंद झाली नाही हे दोघांनाही मान्य आहे, फक्त लेट फी हेन्रीनं भरायची की सासऱ्यानं यावर अडलंय, आणि काकू म्हणताहेत, आधी त्याला हिंग लावा.