तो खोकत का होता, म्हणे

आज दुपारी एक पोरगा दुकानात रेड डेड रिडेम्प्शन २ या व्हिडिओ गेमच्या डिस्क परत द्यायला आला. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, असं बांधून त्याने दोन्ही डिस्क आणल्या होत्या, एक थेंब लागू दिला नव्हता. मला बरं वाटलं. विचारलं, "काय रे, कसा वाटला?"

"संपवला काका. सगळे सीन स्किप मारले. घोड्यावरून जाण्यातच फार वेळ जातो, बाकी ठीक."

दारापर्यंत गेला आणि परत वळला. "काका, पण शेवटी तो खोकत का होता?"

माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. झेरॉक्सला गिऱ्हाईक उभं होतं, आधार कार्डाच्या चार कॉपी काढून दिल्या, तोवर पोरगा सायकलवरून गेलासुद्धा. आता रात्रीचे साडेदहा झालेत आणि अजून माझ्या कानात तेच वाक्य आहे. खोकत का होता!

ज्यांना हा गेम खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद वाचू नये. १८९९ साल. आर्थर मॉर्गन टोळीतला वसुलीचा माणूस. सुरुवाती-सुरुवातीलाच तो एका आजारी, कर्जबाजारी शेतकऱ्याच्या दारात पैसे मागायला जातो. त्याला कुंपणाशी धरून मारतो, म्हणजे आपणच मारतो, बटण आपल्या बोटाखाली असतं. मारता मारता तो शेतकरी आर्थरच्या तोंडावर रक्त खोकतो. आपण पुसतो आणि पुढच्या कामाला लागतो. कित्येक तासांनी, सेंट डेनिस शहराच्या रस्त्यात आर्थर कोसळतो आणि डॉक्टर सांगतो की तुला क्षय आहे. तेव्हा मला ते कुंपण आठवलं. मी कंट्रोलर खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. आणि या पोराने हे सगळं एक बटण दाबून उडवून लावलं, आणि वर मला विचारतो!

एकट्या त्या पोराला तरी काय बोलू? दुकानात येणारे चाळिशीतले बाप्येसुद्धा हेच करतात. "किती टक्के झाला?" "प्लॅटिनम ट्रॉफी मिळाली का?" "माझा तीस तासांत झाला, तुझा?" जसं काय एसटीचं वेळापत्रक. अरे, गेमात तुझं काय झालं ते सांग ना! कुठे थांबलास, कुठे घाबरलास, कुणाला मारताना हात अडखळला, ते सांग. संपवलास ही बातमी घेऊन मी काय करू?

मला हे कुणी शिकवलं ते सांगतो. आयेने.

एप्रिल २०१८ मध्ये गॉड ऑफ वॉर आला. मी पहिल्याच आठवड्यात घेतला. मे महिना, रतांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा हंगाम. रात्री जेवणं झाली की आये हॉलमध्ये पाट्या मांडून रतांबे फोडायला बसायची, साली एकीकडे, बिया आणि गर एकीकडे, मीठ घालून आगळासाठी. मी समोर टीव्हीवर क्रेटोस घेऊन बसलेला. त्याची बायको वारलेली, तिची राख सगळ्यात उंच डोंगरावरून सोडायची म्हणून बाप आणि पोरगा, अत्रेयस, निघालेले. एवढं मी आयेला सांगितलं आणि तिने पाटी माझ्याकडे तोंड करून फिरवून घेतली. तिला इंग्रजी येत नाही. म्हणून जे कोणी जे काही बोलेल ते मी मालवणीत सांगायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे तिने ठरवलं.

त्यात लेक ऑफ नाइन नावाचं एक मोठं तळं आहे. होडीतून जायचं. जाताना पोरगा बापाला म्हणतो, गोष्ट सांगा. क्रेटोस ससा-कासवाची गोष्ट सांगतो, ती पण इतकी कोरडी की पोरगाच वैतागतो. आये हसली नाही. म्हणाली, "ह्येका गोष्ट सांगूक येणा नाय. पोराक सवय नाय लावल्यान." पुढे मिमिर भेटतो. त्याचं धड नाही, फक्त मुंडकं, क्रेटोसच्या कमरेला लटकवलेलं. आणि हे मुंडकं गोष्टी सांगण्यात वस्ताद. आयेचा जीव त्याच्यावर जडला. नाव तिला कधी घेता आलं नाही, आजही ती "ता मुंडक्या" म्हणते.

तर एकदा मिमिर थामूरची गोष्ट सांगत होता. थामूर म्हणजे राक्षसांतला सगळ्यात मोठा पाथरवट. त्याचं आणि त्याच्या मुलाचं भांडण होतं, मुलगा रागाने निघून जातो, बाप त्याला शोधायला बाहेर पडतो. एवढ्यात मला किनाऱ्यावर एक पेटी दिसली. मी होडी लावली. क्रेटोस उतरला आणि मिमिर म्हणाला, राहिलेली नंतर सांगतो.

"परत होडयेत बस," आये म्हणाली.

"आये, पेटी घेतंय आणि येतंय."

"पेटी खय पळतली? त्या मुंडक्याची गोष्ट अर्धी रवली. झील गावलो काय बापसाक, माका सांग."

मी परत होडीत बसलो. मिमिरने जिथे सोडली होती तिथूनच गोष्ट उचलली. बनवणाऱ्यांनी हे करून ठेवलं आहे, माणूस होडीतून उतरेल, परत बसेल, तेव्हा गोष्ट तिथूनच पुढे गेली पाहिजे. त्यावर कुणीतरी किती दिवस काम केलं असेल. मी होडी तळ्याच्या मध्यावर नेऊन नुसती थांबवली. मुलगा गावला नाही. बाप वाट चुकून भलत्याच मुलखात आला, तिथे गडगडाटाचा देव थॉर भेटला आणि त्याने मारलं. आयेचे हात थांबले होते. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग रतांबा उचलला.

सध्या कोण काय खेळतंय हे मी दुकानात रोज ऐकतो, आणि सगळेच काही टक्केवारी सांगत नाहीत. वेंगुर्ल्याचा एक मित्र घोस्ट ऑफ त्सुशिमा खेळतोय. त्यात रस्ता दाखवायला बाण नाही, टचपॅडवर बोट वर सरकवलं की वारा सुटतो आणि जिकडे जायचं तिकडे गवत झुकतं. तो मला म्हणाला, काम नसताना पण मी वारा सोडतो, गवत बघायला. हा खरा खेळणारा. कुडाळच्या एका जोडप्याने इट टेक्स टू सुरू केलाय, तो एकट्याने खेळताच येत नाही, दोन माणसं लागतातच. घटस्फोटाला निघालेल्या नवरा-बायकोची ती गोष्ट. वहिनी सांगत होत्या की पहिल्या दिवशी दोघं खऱ्यात भांडली, कोण आधी उडी मारणार यावरून. आणि माझा डेथ स्ट्रँडिंग चाललाय, पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढायचे, तोल सांभाळायचा. त्यातला पाऊस ज्याला लागेल ते जुनं होतं, गंजतं. मालवणात राहणाऱ्याला यात काही नवल वाटत नाही, माझ्या कन्सोलच्या एचडीएमआयच्या तोंडाला दोन वर्षांत खाऱ्या हवेने गंज चढला होता. परवा एका नदीशी अडलो, बघतो तर तिथे कुणीतरी शिडी लावून गेलेलं. जगात कुठेतरी बसलेला, मला कधीही न दिसणारा माणूस. मी त्या शिडीवरून पलीकडे गेलो आणि त्याला लाईक दिला. हे ऐकायला मी तासभर दुकान उघडं ठेवीन.

हो, मान्य आहे, रेड डेड संथ आहे. प्रत्येक कपाट उघडायचं, प्रत्येक कातडं सोलायचं, मलाही कधी कधी नकोसं झालं. गॉड ऑफ वॉरच्या पुढच्या भागात, रॅग्नारोकमध्ये तर बरोबरची माणसं आपण विचार करायच्या आधीच कोडं सांगून टाकतात, तेव्हा गप्प बसा म्हणावंसं वाटतं. पण म्हणून सगळ्यांचंच तोंड दाबायचं?

मे २०२१, तौक्ते वादळ. ज्यांनी ती रात्र आमच्याकडे काढली त्यांना सांगायला नको. दोन माड घरावर आले नाहीत हे नशीब. लाईट कित्येक दिवस नव्हती. टीव्ही बंद, फोन मेलेले. तिसऱ्या की चौथ्या रात्री मेणबत्तीशी बसलो होतो, आये म्हणाली, "त्या मुंडक्याची गोष्ट सांग मरे." मी म्हटलं कुठली. "पाथरवटाची." तिला अख्खी पाठ होती, तरी माझ्या तोंडून हवी होती. मी सांगितली. शेजारची दोन पोरं येऊन बसली, ती पण ऐकत राहिली. मी ती पेटी आधी उघडली असती आणि होडीत परत बसलो नसतो, तर त्या रात्री माझ्याकडे सांगायला काय होतं? पेटीत काय मिळालं ते मला आज आठवतसुद्धा नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं, लिहितो. माझे बाबा गवंडी होते. चिऱ्याचं काम, आमच्या गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. एकोणिसाव्या वर्षी मी त्यांच्याशी भांडून मुंबईला पळालो होतो. बाबा मला शोधत परळपर्यंत आले होते, मी त्यांना भेटलो नाही. आठ महिन्यांनी स्वतःच परत आलो, त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. त्या रात्री होडीत थामूरची गोष्ट संपल्यावर आये गप्प का बसली ते मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं होतं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. माझ्या पांढऱ्या कंट्रोलरच्या डाव्या मुठीवर रतांब्याचा एक जांभळट डाग आहे. तेव्हा मी पाणी प्यायला उठलो होतो आणि होडी वाहून जाईल म्हणून आयेने हात पदराला पुसून तो धरला होता. होडी वाहून जात नाही हे मी तिला सांगितलं नाही. पुढे दोन वेळा बटणं बदलली, मूठ तीच ठेवलीय.

लिहायला बसलो तेव्हा त्या पोराला चांगला झाडायचा होता. पण मघापासून एक आठवतंय. डिस्क देताना मीच त्याला म्हणालो होतो, "रविवारपर्यंत परत दे हां, पुढे एकाला द्यायच्यात." दोन डिस्क, इन्स्टॉल व्हायलाच अर्धी रात्र जाते, त्यात पावसात आमची लाईट, आणि पन्नासेक तासांची कथा. त्याने रविवार पाळला. त्याला दुसरं काय करता येणार होतं? घाई त्याला मीच लावली आणि वर राग पण मलाच आला.

आत्ता त्याला मेसेज केला. डिस्क घेऊन जा, चतुर्थीपर्यंत ठेव, पुढच्या माणसाला मी सांगतो. नवीन सुरू कर. व्हॅलेंटाइन गावाजवळच्या त्या शेतावर जाशील तेव्हा कुंपणापाशी काही स्किप करू नकोस, आणि मग मला येऊन सांग तो खोकत का होता.

"बरं काका" म्हणाला. पाऊस ओसरला तर उद्या येतो म्हणतोय. पिशव्या मी काउंटरखाली वाळत टाकल्यात, तिन्ही.