झटका मशीनचं अर्थिंग मोटरला बांधा म्हणे!

परवा मोठेबाबांनी गावाहून एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "हे करून टाकलं. बरोबर आहे ना?" आधी विचारून मग करायची पद्धत आमच्या घरात नाही.

हरभरा घाट्यावर आला, रानडुकरं आणि रोही (नीलगायी) शेतात उतरायला लागले, की हा मेसेज फिरायला लागतो. 'एक रुपया खर्च न करता झटका मशीनची, म्हणजे जनावरं हाकलायला कुंपणाच्या तारेत बॅटरीवर विजेचे ठोके सोडणाऱ्या यंत्राची, पॉवर दुप्पट करा.' खाली पाच उपाय. मशीनला अर्थिंगचा वेगळा रॉड ठोकू नका, पाण्याच्या मोटरच्या स्टार्टरचं अर्थिंग घ्या. शेजाऱ्याची तार आपल्या तारेला जोडा. जुन्या काटेरी तारेतच झटका सोडा. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाका. आणि बॅटरी उतरली तर रात्रीपुरती मेन लाईन द्या. शेवटी 'एका निवृत्त इंजिनिअरचा अनुभव'. नाव नाही, गाव नाही.

पहिल्या उपायावरच जास्त बोलतो, कारण तो वाचताना शहाणपणाचा वाटतो. मी रविवारी संध्याकाळी शेतात गेलो तेव्हा मशीन सुरू होती. तिची हिरवी वायर स्टार्टरच्या पेटीच्या बोल्टला पीळ देऊन बांधलेली. पेटीचं झाकण उघडायला हात लावला तर बोटाला टक्. सेकंदभराने पुन्हा टक्. मोठेबाबा म्हणाले, "तेवढं चालते."

नाही चालत. झटका मशीन हजारो व्होल्टचा ठोका मारते, पण एका सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ. तो तारेतून जनावरात जातो, जनावराच्या पायांतून मातीत, आणि मातीतून मशीनच्या रॉडकडे परत येतो. मोटरच्या अर्थिंगला काम असतं ते मोटरमध्ये बिघाड झाला तरच. मशीनच्या रॉडला रात्रभर असतं. दोन्ही एक केले की तो ठोका स्टार्टरच्या पेटीत, पाइपात, मोटरच्या अंगावर फिरतो. पण हा नुसता त्रास झाला.

खरी भीती उलट दिशेची आहे. मोटरचं वाइंडिंग जळून बॉडीला लागलं तर २३० व्होल्ट थेट त्या बोल्टवर येतात. मोटरचं आणि डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं, अर्थिंग शाबूत असेल तर फ्यूज उडेल. पण आपल्याकडच्या डीपीची पट्टी जागेवर असते का, आणि फ्यूजच्या जागी काय बांधलेलं असतं, हे मी सांगायला नको. फ्यूज उडाला नाही, तर ती वीज हिरव्या वायरीतून मशीनमध्ये शिरते. मशीनच्या आतल्या आउटपुट कॉइलचं एक टोक अर्थिंगला असतं आणि दुसरं कुंपणाला, मधे नुसते तांब्याचे वेढे. म्हणजे अख्खं कुंपण २३० व्होल्टवर, आणि तेही सलग. ठोक्यानंतर हात सोडवायला सेकंदभर मिळतो. सलग करंटमध्ये मूठ आवळली जाते.

या मशीनांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०३३५-२-७६. ते सांगतं की कुंपणाचा अर्थिंग रॉड इतर कुठल्याही अर्थिंगपासून किमान १० मीटर लांब हवा. दोन ठोक्यांमध्ये किमान १ सेकंद हवा, हेही त्यातच आहे.

शेजाऱ्याची तार जोडायच्या सल्ल्यावरही हेच मानक उत्तर देतं. एका कुंपणाला दोन मशीन लावायच्या नाहीत, आणि दोन वेगळ्या मशीनच्या तारांत किमान २.५ मीटर अंतर ठेवायचं. दोन मशीन एका तालात चालत नाहीत. एकीचा ठोका संपतो न संपतो तोच दुसरीचा बसतो, आणि तो सुटकेचा सेकंदच जातो. आता आपला बांध असतो हातभर, त्यावर दोघांच्या तारा समोरासमोर. मग सामाईक बांधावर एकाच मशीनची तार ठेवा आणि खर्च वाटून घ्या. बांधावरून कोर्टात जाणाऱ्यांना हे जमेल का, तो वेगळा प्रश्न.

काटेरी तारेत झटका सोडायला हे मानक सरळ मनाई करतं. अडकलेलं जनावर किंवा पोर सुटू शकत नाही, एवढं कारण पुरे.

मिठाचं, नाइलाजाने, थोडं मान्य. उन्हाळ्यात मुरमाड जमीन कोरडी पडते, रॉडला माती धरत नाही आणि झटका मरतो, हे खरं आहे. मिठाने काही दिवस फरक पडतो. मग मीठ पावसात वाहून जातं आणि रॉड गंजतो. त्यापेक्षा ओलीच्या जागी, तीन-तीन मीटरवर, तीन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) रॉड ठोका. तारेला टेकलेलं गवत आधी कापा. बराच झटका तिथेच जिरतो.

मेन लाईनबद्दल काय बोलणार? २०१७ साली चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ प्रसिद्ध 'जय' वाघाचा बछडा श्रीनिवास अशाच कुंपणाने मेला. माणसंही मरतात, आणि मग लाईन सोडणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो.

मोठेबाबांची हिरवी वायर मी तिथल्या तिथे सोडली. स्टार्टरपासून पंधरा ढांगा मोजून पाटाच्या कडेला रॉड ठोकले. रात्री मशीन लावली, पेटीला हात लावला, काही नाही. सकाळी त्यांचा मेसेज आला: "मिठाचं तरी बरोबर होतं ना?"