८० तपासण्यांचं पॅकेज आणि ११ ठळक ओळी: घोडबंदर रोडच्या वाचक ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे आणि तिला दोन ओळींत वाटेला लावणं बरोबर नाही. मोठ्या पॅकेजपेक्षा मोजक्या तपासण्या करा, असं आम्ही लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: सोसायटीच्या शिबिरात दीड हजारात ८० तपासण्या होतात, आम्ही सांगितलेल्या मोजक्या तपासण्या सुट्या केल्या तरी तेवढेच पैसे पडतात, माहिती जास्त मिळाली तर बिघडलं कुठे, आणि असं लिहून आम्ही लोकांना तपासणीपासून लांब ठेवतो. सोबत मिस्टरांच्या रिपोर्टमधल्या ११ ठळक, म्हणजे नॉर्मल रेंजबाहेरच्या, ओळींपैकी काही दिल्यात. त्यात पोटॅशियम ५.७ पाहून घरात सगळे घाबरलेत.

पैशांचा मुद्दा मान्य. पॅकेज स्वस्त पडत असेल तर जरूर घ्या. पण ८० हा आकडा कसा जमतो तेही पाहा. सीबीसीची (रक्तपेशींची मोजणी) जांभळ्या झाकणाची एकच ट्यूब मशीनवर लागते आणि वीसेक ओळी छापून येतात. व्हीएलडीएल (कोलेस्टेरॉलचा एक प्रकार) म्हणजे बऱ्याच लॅबमध्ये ट्रायग्लिसराइड भागिले ५. ग्लोब्युलिन ही एकूण प्रोटीनमधून अल्ब्युमिनची वजाबाकी, ए/जी रेशो हा या दोन प्रोटीनचा भागाकार. मोजलेल्या गोष्टी बऱ्याच कमी असतात.

आता बिघडतं कुठे ते. नॉर्मल रेंज साधारणपणे अशी ठरवतात की धडधाकट माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसावेत. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाच्याही सगळ्या नॉर्मल येण्याची शक्यता फक्त ३६ टक्के. ८० ओळींत काही ठळक निघणारच. त्या गर्दीत खरी महत्त्वाची ओळ हरवते, आणि मिस्टरांच्या रिपोर्टमध्ये नेमकं तेच झालंय.

हिमोग्लोबिन ११.४, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६६, लाल पेशी ५.७ दशलक्ष. पेशी आकाराने लहान, पण संख्येने भरपूर. लोहाची कमतरता असली की संख्याही बहुधा घटते. ६६ भागिले ५.७ म्हणजे ११.६, हे उत्तर १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा सौम्य प्रकार) शंका घ्यायची. ही फक्त शंका आहे, निदान नव्हे. निदानासाठी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी तपासणी लागते. ती होईपर्यंत लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. मायनर असून लोह पुरेसं असेल तर त्या गोळ्यांचा उपयोग नाही. आणि फेरिटिन खरोखरच कमी निघालं, तर पुरुषाच्या बाबतीत रक्त कुठून जातंय ते शोधावंच लागतं: मूळव्याध, अल्सर, आतडी. थॅलेसेमिया मायनर निघाला तर मुलांचीही तपासणी करून घ्या, लग्नाआधी तरी नक्की.

आता एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) ६.२ आणि उपाशीपोटी साखर ९१, हा विरोधाभास: पहिला आकडा वाढलेला, दुसरा नॉर्मल. लोह कमी असलं की एचबीए१सी खोटं वाढलेलं दिसतं आणि थॅलेसेमियातही त्यावर विसंबता येत नाही. पण ९१ वरही मी लगेच विश्वास ठेवणार नाही. शिबिरात सकाळी ७ पासून नमुने घेतात, मग बॅग माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून लांबच्या लॅबकडे निघते. रक्तपेशी ट्यूबमध्येही साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. खरी १०४ असलेली साखर दोन तासांत ९० ते ९४ दिसू शकते. करड्या झाकणाच्या ट्यूबमधलं फ्लोराइड हे थांबवतं, पण त्यालाही पूर्ण परिणाम करायला एक-दोन तास लागतात. त्यामुळे डॉक्टरांशी बोलून ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांची तपासणी करा, तीही जिथे रक्त घेतात तिथेच मशीन असलेल्या लॅबमध्ये. १४० च्या खाली नॉर्मल, २०० आणि वर मधुमेह, मधलं ते प्रीडायबेटिस.

पोटॅशियमचीही गोष्ट तीच. सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) पेशींपासून वेळेत वेगळं झालं नाही, पेशी फुटल्या किंवा शीर सापडावी म्हणून मूठ सारखी उघडझाप केली, की आकडा चढतो. वर सांगितलेल्या, जागेवर मशीन असलेल्या लॅबमध्येच, मूठ न आवळता, लगेच परत तपासून घ्या. यात दिरंगाई नको, विशेषतः बीपीची गोळी चालू असेल किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल तर. फेरतपासणीतही वाढलेलंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

तपासणीपासून कुणाला लांब ठेवायचं नाही, उलट तिशीनंतर प्रत्येकाने सुरुवात करावी. आधी बीपी आणि कमरेचा घेर (पुरुष ९० सेंमी, स्त्रिया ८० सेंमीच्या आत). मग उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, लिपिड (कोलेस्टेरॉल आणि इतर चरबी), क्रिएटिनिन, एसजीपीटी (यकृतासाठी), सीबीसी. शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर व्हिटॅमिन बी१२. मधुमेह वा बीपी असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर; मूत्रपिंडाचा त्रास बहुधा क्रिएटिनिनच्या आधी इथे दिसतो आणि पॅकेजमध्ये नेमकं हेच अनेकदा नसतं. लायपोप्रोटीन-ए (हृदयविकाराचा आनुवंशिक धोका दाखवणारी तपासणी) आयुष्यात एकदा पुरे. सीए-१२५, सीईए हे कॅन्सर मार्कर तक्रार नसताना नकोतच. बीपी आणि साखर महापालिकेच्या आरोग्य केंद्रातही पाहतात.

पुढच्या शिबिराआधी संयोजकांना विचारा: सेंट्रिफ्यूज (रक्त फिरवून सीरम वेगळं करणारं यंत्र) जागेवर आहे का, आणि साखरेची ट्यूब करड्या झाकणाची आहे का. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा, नाहीतर काही मशीनवर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खोटं कमी येतं. आणि डेंग्यू किंवा कुठल्याही तापातून नुकतेच उठलेल्यांनी तीन आठवडे तरी थांबावं; एसजीपीटी, फेरिटिन, लिपिड सगळंच तोवर हललेलं असतं.