छडी गेली, पण शिक्षा कोणाच्या वाट्याला येते?

कोल्हापूरला फोन लावला की शिक्षक असलेला माझा मावसभाऊ एकच गाऱ्हाणे मांडतो: छडी गेली आणि पोरांना धाकच उरला नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. पण साठ मुलांच्या वर्गात त्याऐवजी काय करायचे, हे आपल्याला कोणी शिकवले नाही, ही त्याची तक्रार मला रास्त वाटते. छडी परत यावी, हे मात्र मुळीच पटत नाही.

लहानपणी कोल्हापुरात आमच्या वर्गातला एक मुलगा पहाटे वडिलांबरोबर म्हशी घेऊन गंगावेशीत धारेचे दूध विकायला उभा राहायचा आणि प्रार्थना संपल्यावर धापा टाकत शाळेत पोहोचायचा. हाताला शेणाचा वास येतो म्हणून गुरुजी त्याला आधी हात धुऊन यायला सांगत आणि मग त्याच ओल्या तळहातांवर छडी मारत. एका वकिलांचा मुलगाही उशिरा येई. त्याच्या घरी फक्त चिठ्ठी जाई. सातवीनंतर दूधवाल्याचा मुलगा शाळेत दिसला नाही.

मी राहतो त्या कॅलिफोर्नियात छडी नाही, पण निलंबन आहे, आणि तेही सर्वांना सारखे लागू होत नाही. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या 2018 च्या अहवालानुसार 2013-14 मध्ये सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुले 15.5 टक्के होती, पण निलंबित झालेल्यांत सुमारे 39 टक्के. उद्धटपणासारख्या मोघम कारणावरून तिसरीपर्यंतच्या मुलांना निलंबित करण्यास कॅलिफोर्नियाने 2014 च्या कायद्याने मनाई केली, कारण उद्धट कोण, हे बघणाऱ्याच्या नजरेवर ठरते.

माझ्या मुलीचे चित्र वर्गातल्या एका मुलाने फाडले, तेव्हा बाईंनी दोघांना समोरासमोर बसवून काय झाले, कोणाला लागले आणि आता ते कसे भरून काढायचे, एवढेच विचारले. मधल्या सुट्टीत दोन दिवस बसून त्याने ते चित्र तिच्यासोबत पुन्हा काढले. ही पद्धत म्हणजे रामबाण उपाय नव्हे: अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधल्या शाळांत ती वापरली गेली, तेव्हा रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासात निलंबने घटलेली दिसली, पण सहावी ते आठवीच्या मुलांची अभ्यासातली प्रगती खालावली. शिक्षकाला वेळ आणि प्रशिक्षण न देता ती लादली, तर आपल्याकडेही ती कागदावरच राहील.

तरीही ज्या संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तिथे कोणते मूल शिक्षेला कंटाळून शाळा सोडते, हे विचारायलाच हवे. गेल्या रविवारी मी भावाला विचारले, तुझ्या वर्गात रोज उशिरा कोण येते? त्याने चार नावे लगेच सांगितली. त्यातल्या दोघांचे आईवडील काय काम करतात, हे त्याला माहीत नव्हते. सोमवारी विचारतो, म्हणाला.