चाटू हवाच, पण आजच्या भांड्यांना साजेसा

लाकडी चाटू आता जुन्या वस्तू म्हणून भिंतीवर टांगला जातो, हे मला मान्य नाही. नॉनस्टिक भांडी आल्यापासून त्याची गरज उलट वाढली आहे, कारण स्टीलच्या सराट्याने त्यांचा लेप खरवडला जातो, लाकडाने नाही.

अडचण आहे ती आकाराची. जुना चाटू गोल बुडाच्या कढईसाठी गोलसर तोंडाचा आणि चुलीच्या धगीपासून हात दूर राहावा म्हणून लांब दांड्याचा असे. सपाट बुडाच्या पॅनमध्ये तो जेमतेम एका जागी टेकतो. पाटोडीचे बेसन आटत आले की हे नेमके दिसते: मधले घोटले जाते आणि कडेचे चिकटून करपते. म्हणून मी तोंडाची कड सरळ ठेवतो, एक कोपरा पॅनच्या वळणाइतका गोल करतो आणि दांडा बारा इंचांच्या आसपास ठेवतो. कड साधारण एक सुतापर्यंत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापर्यंत उतरवली की बुडाशी नीट बसते. त्याहून पातळ केल्यास टवके उडतात.

नागपूरच्या लकडगंजातल्या आरामशीनवर सागवानाचे तुकडे सहज मिळतात, परंतु सागाची रंध्रे मोठी असल्याने त्यांत तेल-मसाला मुरतो. हळदू मिळाल्यास तोच घ्यावा. त्याचा पोत बारीक आणि एकसारखा असतो, शिवाय मुळातच पिवळसर असल्याने हळदीचा डाग डोळ्यांत भरत नाही. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीनेच धावल्या पाहिजेत, अन्यथा घट्ट बेसन घोटताना चाटू मानेशी मोडतो. पटाशी, कानस आणि काचकागद फिरवून झाल्यावर तो एकदा ओला करून वाळवावा आणि पाण्याने उठलेले तंतू पुन्हा घासावेत.

बाजारातल्या चाटूंवरचे चकचकीत वार्निश पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण उष्णतेने आणि घासण्याने त्याचे पापुद्रे सुटून अन्नात जातात. आपल्या विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे घाणीचे तेल हवेत हळूहळू सुकून लाकडातच घट्ट होते. शेंगदाण्याचे तेल तसे सुकत नाही, खवट होते. रंगाच्या दुकानातले उकळलेले जवस तेल मात्र चाटूला लावू नये, त्यात ते लवकर सुकावे म्हणून धातूंचे क्षार मिसळलेले असतात. तेलाचे पातळ हात देऊन प्रत्येक वेळी जास्तीचे पुसून घ्यावे, आणि पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात न टाकता पसरून वाळवावी, कारण जवस तेलाची चिंधी आपोआप तापून पेट घेऊ शकते.