माफी कुठे दिसली?

'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेच्या शेवटावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं 'शेवटी जेसीने वॉल्टला माफ केलं' हे वाक्य काही पटेना. (वॉल्ट म्हणजे ड्रग्ज बनवू लागलेला रसायनशास्त्राचा शिक्षक, जेसी त्याचा जुना विद्यार्थी आणि धंद्यातला साथीदार.) मालिकेचा शेवटचा भाग (2013) मी परवा पुन्हा पाहिला, डोंबिवली ते दादर, उभ्याने, कुणाच्या तरी बॅगेला मोबाईल टेकवून. जेसी पिस्तूल रोखतो आणि वॉल्टकडून वदवून घेतो की 'हो, मला हेच हवंय'. मग वॉल्टच्या पोटातली जखम दिसते आणि जेसी पिस्तूल टाकून देतो: तुझं तू बघ! ही माफी कुठली हो? आयुष्यभर ज्याच्या तालावर नाचलो, त्याचं शेवटचं काम करायला दिलेला नकार आहे हा. आणि दोनच मिनिटांपूर्वी त्याच पोराने, त्याला कैदेत ठेवणाऱ्या टोळीतल्या टॉडचा गळा स्वतःच्या बेड्यांच्या साखळीने आवळलाय. म्हणजे सूड त्याला वर्ज्य नव्हताच.

वॉल्टचा सूड मात्र हिशेबी. त्याच्या मेव्हण्याला, पोलीस अधिकारी हँकला, टोळीचा म्होरक्या जॅकने वाक्य अर्धवट असताना गोळी घातली होती. इथे जॅक पैशांचं आमिष दाखवत असतो, तेही वाक्य पुरं व्हायच्या आत वॉल्ट त्याला गोळी घालतो. (इथे मी चक्क 'बरं झालं' म्हणाले. शेजारच्या काकूंनी वळून पाहिलं.)

माफीच्या थोडंफार जवळ जाणारा प्रसंग वॉल्टच्या बायकोच्या, स्कायलरच्या स्वयंपाकघरातला. 'हे सगळं मी माझ्यासाठी केलं, मला आवडत होतं,' असं वॉल्ट अखेर कबूल करतो. ती माफ करत नाही, फक्त झोपलेल्या तान्ह्या लेकीला, होलीला बघू देते. तुमच्या लेखात यावर एक ओळही नाही, ते खटकलं.